धडा बारावा : हॉटेल सोडताना

पुस्तकात या धड्याला सातच वाक्यं आहेत.
मी ती आरशासमोर म्हणून पाहिली, तोंडात ब्रश असताना,
पाढ्यांसारखी : आधी चाल, अर्थ मागाहून.

किसिएरा पगार.
मला पैसे चुकते करायचे आहेत.
कितीही घोका, माझ्या कानात वाजायची ती पहिली तारीख,
बाबांच्या खाकी पाकिटातली.
तोच शब्द. पोर्तुगीज गलबतातून आमच्याकडे उतरला
तेव्हा हातात येणारा पैसा झाला.
इथे अजून हातातून जाणारा.

अरेकीपात तीन रात्री राहायचं होतं.
पुनोच्या रस्त्यावर लोकांनी दगड रचले, टायर पेटवले.
'पारो,' सेन्योरा एर्मेलिंदा म्हणाल्या,
दूध नासलं म्हणावं इतक्या सहज.
तीनाच्या अकरा झाल्या.
अकरा सकाळी तीन टोकांचा पाव,
अकरा सकाळी खिडकीत तोच मिस्ती पर्वत,
जणू त्याचंही बुकिंग वाढवलेलं.

काल रात्री रस्ता सुटला.
पहाटे पाचला मी काउंटरपाशी, बॅग पायाशी.
ला क्वेंता, पोर फावोर.
बिल आलं, हाताने लिहिलेलं.
अकरा दिवसांच्या कोका-चहाचा त्यात पत्ताच नव्हता.
बिल जास्त लागलं तर काय म्हणावं, ते पुस्तकात आहे.
कमी लागलं तर, नाही.

पुएदे यामार उन ताक्सी?
टॅक्सी दाराशीच होती. एदिल्बेर्तो काच पुसत होता.
एवढं पाठ केलेलं वाक्य वाया गेलं.

आणि मग जिन्यावरून नीएवेसचा आवाज :
फाल्ता उना तोआया!
एक टॉवेल कमी आहे.

कान तापले माझे.
तिथेच फरशीवर बॅग उघडली :
स्वेटर, गोळ्या, भाजणीची रिकामी पिशवी,
एक मोजा, दुसऱ्याशी न जुळणारा.
सेन्योरा नको नको म्हणत होत्या
आणि मी उपसत होते, झडती घेणारी मीच, चोरही मीच.
मग आठवलं. गच्ची. परवा केस धुतले ते.
गच्चीला काय म्हणतात?
मी नुसतं बोट वर केलं.
नीएवेसला वाटलं, देवाची शपथ घेतेय;
तिने घाईघाईने छातीवर क्रूस काढला.
मग ट्यूब पेटली, आणि हसत, दोन दोन पायऱ्या चढत, वर पळाली.

टॉवेल खाली आला,
कोरड्या हवेत वाळून पापड झालेला.

राहिली चावी.
तिला हे लोक म्हणतात, यावे.
पहिल्या दिवशी सेन्योरांनी ती माझ्या तळहातावर ठेवली होती,
यावे, असं स्वच्छ म्हणून,
आणि मी, चौतीस तासांच्या प्रवासाने बधिर,
वाकून नमस्कारच केला होता.
आज मी ती काउंटरवर ठेवली,
पितळी बिल्ल्यासकट, आठ नंबरची,
आणि म्हटलं, यावे.
त्यांना चावी ऐकू आली. बरोबरच आहे.
जाते म्हणायची आम्हाला सवय नाही, सेन्योरा,
पण हे तुम्हाला कोणत्या धड्यातून सांगू?

त्या काहीतरी म्हणाल्या, हळू.
नोस बा आसेर फाल्ता.
पुन्हा फाल्ता! आता काय कमी पडलं?
मी परत बॅगेच्या चेनला हात घातला,
तर त्यांनी तो धरला, आणि धरूनच ठेवला,
एदिल्बेर्तोने दोनदा हॉर्न वाजवेपर्यंत.

टॅक्सीत मागची पानं चाळली, दिव्यादिव्याच्या उजेडात.
एका खांबाखाली फ, पुढच्या खांबाखाली फाल्ता :
चूक. कमतरता.
खाली बारीक अक्षरात, आसेर फाल्ता : गरज असणे,
उणीव भासणे.

मागे वळून पाहिलं तेव्हा
गल्ली वळणाआड गेली होती.
'तेर्रापुएर्तो?' एदिल्बेर्तोने विचारलं.
सी, म्हणाले.
ते एक वाक्य नीट आलं.