एक जून

गुरुजींनी आमचा अख्खा वर्ग
एकाच दिवशी जन्माला घातला.
माय म्हणते, "कानबाईना रोट व्हतात,
तव्हय व्हयना तू."
म्हणजे श्रावण.
पण दाखल्यावर एक जून, शाईत.

फौजदारकीच्या खात्यांतर्गत परीक्षेला
वय एक मेला मोजायचे.
अर्ज भरून झाल्यावर अधिसूचना आली:
आता एक जुलैला.
एका महिन्यानं म्हातारा झालो मी,
बुटांना पॉलिश करता करता.

तेरा वर्षं पारोळ्याच्या कोर्टात
आरोपी उभे केले,
त्यांना कोपर धरून जागा दाखवली.
आज कन्नडचा घाट चढून
खंडपीठात आलो, तर कळेना
आपण कुठं उभं राहायचं.
अर्जदार क्रमांक सात,
हिलाल दगा बागुल.

वकीलसाहेब म्हणाले,
नियम मध्येच बदलला, तेवढंच बोलू.
कानबाईचं काढू नका.
सरकारी वकिलांनी मुदत मागितली,
मिळाली.
कँटीनच्या चहाचे पैसे
आम्ही सातांनी वाटून दिले.

रात्री ठाण्यात ड्यूटी.
बकरी चोरीला गेलेली एक बाई समोर.
वय?
"व्हई पस्तीस-छत्तीस,
लिखी ल्या ना, साहेब."

पेन उघडंच राहिलं
बराच वेळ.