सात परस

यारीच्या ब्रेकवर मी होते.
खाली तिघं: दुर्गाप्पा, त्याचा मेव्हणा आणि आमचा थोरला.
आटपाडीच्या पुढं, माणगंगेच्या काठाला,
बाबासो देठ्यांच्या डाळिंबाला लागून
सातव्या परसाला करल लागली,
मुरमाखालची, चुन्यानं घट्ट धरलेली,
आणि पहारेचा आवाज बदलला.

दगडाचे आवाज मला पाठ आहेत.
काळा म्हणतो ठण्ण. मांजऱ्या म्हणतो थप्प.
हा म्हणाला तिसरंच काही,
रिकाम्या रांजणावर बोट मारल्यासारखं.

बादलीतून तुकडा वर आला,
परातीएवढा, बाकदार, आतून जाळीदार.
पाठीवर रेघा: एक सरळ,
दोन तिरक्या येऊन तिला भिडलेल्या.
दुर्गाप्पा खालून ओरडला, कासव गं, कासव!
नारळ आणा.
कासव लागलं म्हणजे पाणी आलंच.

देठ्यांच्या सुनेनं त्याला हळद-कुंकू लावलं.
गाभाऱ्यापुढं असतं तसंच, म्हणाली,
फक्त ह्याला ओलांडायला शिडी लागली असती.

दोन दिवसांनी सांगलीहून एसटीनं मुल्ला मॅडम आल्या.
ओढणी कमरेला खोचून पाळण्यात बसल्या
आणि पुष्कळ वेळ वर आल्याच नाहीत.
आल्या तेव्हा दोन्ही गुडघे पांढरे.
कासवच आहे, म्हणाल्या.
पण पाण्यातलं नव्हे.
हे रानातलं. ह्याला पोहायचं माहीत नव्हतं.

दुर्गाप्पानं विडी विझवली.
देठे नारळाच्या करवंटीकडं बघत राहिले.

मग मॅडमनी पावलं टाकून दाखवलं, केवढं:
इंजिनापासून पहिल्या डाळिंबापर्यंत.
पाठ माझ्या छातीला लागेल इतकी उंच.
नदी तेव्हाही होती कुठली तरी,
तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.

रात्री पालात झोप येईना.
मी त्याला चालवत राहिले.

पहाटे उठत नसणार ते.
आधी पाठीवर ऊन येऊ द्यायचं,
एवढ्या जाड छपरातून ते मुरायला वेळ लागतो.
मग एक पाय. हत्तीचा, पण बसका.
मग बऱ्याच वेळानं दुसरा.
दात नसलेल्या तोंडानं गवत तोडायचं,
खाली पडलेली उंबरं हुंगून खायची,
उन्हाळा लागला की मान आत ओढून
झुडपाच्या सावलीत महिना काढायचा.
पाणी अंगातच साठवून आणलेलं.
रात्री कुणी दातवालं यायचं,
कवचावर नखं ओढायचं, कंटाळून जायचं.

आणि मादी मागच्या पायांनी खड्डा घ्यायची.
इथं मी थांबले, मीही खड्ड्यांचीच माणूस.
अंडी ठेवली, माती लोटली, पायानं दाबून बसवली,
आणि निघाली. वळून बघणं नाही.
पिल्लं आपली आपण माती उकरून वर येणार.
थोरला पहिल्यांदा खाली उतरला त्या दिवशी
ब्रेकवरचा माझा हात संध्याकाळपर्यंत उघडेना.

सकाळी मी विचारलं, संपली कशानं?
नक्की सांगता येत नाही, मॅडम म्हणाल्या.
ऊन-पावसाचा हिशेब बदलला असेल.
आणि कुठं कुठं दोन पायांची आली असतील.
पळता न येणाऱ्याला उलटं करायला
चार जण पुरतात.
नंतर ते आपलं आपण सुलटं होत नाही.

गोणपाटात नंबर टाकून तुकडे गेले.
कंडक्टरनं लगेज फाडलं: तीस किलो, दगड.

नवव्या परसाला ओल लागली,
पाणी म्हणावं इतकी नव्हे.
दुर्गाप्पा अजून म्हणतो, त्याचीच कृपा.
देठे म्हणतात, अजून दोन परस बघू.

एक तुकडा आहे अजून भिंतीत, उगवतीच्या अंगाला.
तेवढी जागा सोडून सुरुंगाची भोकं मारली आम्ही.
पाणी सातव्या परसापर्यंत चढलं
तर त्याचं काय करायचं,
हे कुणी ठरवलेलं नाही.