उचल

व्हॉलीबॉलमध्ये नाव होतं मारणाऱ्याचं.
देणाऱ्याचं नाव फक्त मठपती सरांच्या वहीत.
म्हणून मुखेडच्या बाजारमैदानात
तीन वर्षं टाळ्या मला पडल्या
आणि मला वाटत राहिलं, जिंकतो ते मीच.

दत्तहरी जाळीला खेटून उभा, माझ्याकडं पाठ.
चेंडू त्याच्या दहा बोटांवर यायचा
आणि थांबल्यासारखा वाटायचा,
भजं कढईत सोडण्याआधी आचाऱ्याच्या हातात थांबतं, तेवढाच.
आता कुठं जाणार, हे पलीकडच्या सहा जणांना कळायचं नाही,
पंचाला नाही,
खरं सांगायचं तर मलाही नाही.
मी नुसता उडायचो.
वर गेलो की तो तिथं असायचा.

खांब माझ्या अब्बांनी वेल्डिंग केलेले,
कोरड्या निघालेल्या बोअरच्या केसिंगचे.
डावा जरा कललेला.
तो कल दत्तहरीच्या हातात इतका मुरला होता
की बाहेरगावच्या सरळ जाळीवर
आमचे पहिले दोन पॉइंट जायचेच.

उदगीरच्या स्पर्धेनंतर गाड्या यायला लागल्या.
नांदेडचे आले, शाल, नारळ, फी माफ.
लातूरचे म्हणाले, हॉस्टेल, सकाळी दोन अंडी,
आणि पहिल्याच वर्षी विद्यापीठाच्या संघात.
पुण्याच्या एकानं बूट आणले नऊ नंबरचे.
दत्तहरीचा पाय सात.
संभाजीनगरचा कोच पोरगाच होता,
त्यानं टेपनं दत्तहरीचा पंजा मोजला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मठपती सर सगळ्यांना चहा पाजायचे
आणि बारावीचे मार्क हळू आवाजात सांगायचे.

माझ्याबद्दल कुणी विचारलं नाही.
एकदा सरांनीच विषय काढला.
उंची किती, पाच सहा,
आणि विषय चहाच्या कपासारखा बाजूला सरकला.

त्याचा चुलता ऊसतोड टोळीचा मुकादम.
त्यानं लातूरच्या कॉलेजचा कागद उलटा सुलटा केला
आणि विचारलं, "उचल किती?"
सगळे हसले.
"पैसे नाहीत काका. राहणं, खाणं. फेडायचं ते खेळून."
"आन् गुडघा गेला तर?"
कोचनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.
चुलता म्हणाला,
"आमच्यात हे आधी ठरवतेत."

गावात पैजा लागल्या.
स्टँडच्या हॉटेलात लातूरवर जोर होता.
मी विचारलं नाही.
इतकी वर्षं त्याच्या पाठीकडं बघूनच ओळखायला बघितलं होतं,
तसंच आताही बघत राहिलो.

तो संभाजीनगरला गेला.
"का रे?"
"बाकीचे म्हणले, आल्या आल्या खेळशील.
ह्यो म्हणला, आमच्याकडं तुझ्यापेक्षा बरा लिफ्टर हाय,
वर्षभर बाकावर बसावं लागल."
"मग?"
"मग काय. कुणीतरी हात नीट बघितला."

सोमवारी पहाटेची एसटी.
एक वळकटी, एक पिशवी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.
हात मिळवला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं
अब्बांच्या दुकानातल्या पॉलिश पेपरसारखी लागली.
दोघांनाही बोलता येत होतं, बोललो नाही.
कंडक्टरनं दार ओढलं.

आता पिराजी देतो.
लवकर देतो, खाली देतो,
आणि देण्याआधी माझ्याकडं बघतो,
म्हणजे पलीकडचेही बघतात.
मी कमी उडायला शिकलोय.

परवा रात्री त्याचा फोन आला.
मेसच्या भाजीचं बोलला, कूलरचं बोलला,
मग म्हणाला, "खदीर,
इथला स्मॅशर सहा फूट तीन हाय.
त्येला वर द्यावं लागतंय.
माझा चेंडू अजून तुझ्याच मापाला जायलाय,
सर वरडलालेत."

मी म्हणालो, शिकशील.
फोन ठेवल्यावर मैदानात गेलो.
बाजार उठून गेला होता, कांद्याची सालं उडत होती.
कललेल्या खांबाजवळ उभा राहून
एकदा उडून बघितलं,
चेंडू नसताना.