तीनशे एक

सोमवारी यादी एका पानात मावत होती.
मी तिला टाचणी लावली
आणि कपभर मायलो प्यायले, बसून.
त्या आठवड्यात बसून प्यायलेला तेवढाच.

दीर्घ सेवेच्या गौरवाचा समारंभ. अकरा माणसं.
परीक्षा विभागातल्या बाई, बागेतले दोघे,
रसायनशास्त्राच्या काचा तीस वर्षं धुणारे आर्कोर्फुल.
आणि एकवीस हजार सेडी, ज्यांतले चार हजार
आधीच कुठेतरी गेले होते.
कुठे, ते लेखा विभाग 'बघून सांगणार' होता.

एको टर्कसन म्हणाला, मंडप माझ्याकडे लागला.
लागला म्हणजे काय, ते मंगळवारी दुपारी कळलं:
मंडप त्याच्या मेव्हण्याचा,
आणि मेव्हण्याशी तो ईस्टरपासून बोलत नव्हता.
मग मी बोलले. मेव्हण्याशी, मेव्हण्याच्या बायकोशी,
शेवटी त्यांच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्याशी,
ज्याचं त्या जमिनीच्या तुकड्याबद्दल वेगळंच मत होतं.

बुधवारी सकाळी नऊला फोन:
कुलगुरू शुक्रवारी अक्राला चाललेत.
समारंभ गुरुवारी घ्या.
एक अख्खा दिवस कुणीतरी आमच्या हातातून उचलून नेला,
स्टेपलर नेतात तसा, न विचारता.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात.
म्हणणाऱ्याला आमच्या रजिस्ट्रीत
आठवडाभर बसवायला हवं होतं.

एवुराबेना मावशींनी विचारलं, जोलोफ किती जणांचा?
मी म्हटलं, अडीचशे.
त्या फोनवर हसत राहिल्या.
अगं, या केप कोस्टात अडीचशे माणसं कधी आलीत का?
शंभर येतात, नाहीतर चारशे.

बाजारामागच्या छापखान्यात वीज नव्हती.
मालक अंधारात केंके आणि तळलेला मासा खात होता,
निवांत, जगाचं काही छापायचंच नसल्यासारखा.
प्रमाणपत्रं रात्री अकराला हातात आली, कोमट.
आर्कोर्फुल यांच्या नावातला एक र गळालेला.
तीस वर्षं, आणि अगदी शेवटी एक र कमी!
मी काळ्या पेनाने तो घातला, श्वास रोखून.
घरी पोचले तर मुलगी जागी.
म्हणाली, तू अजून आपल्याकडेच राहतेस ना?

गुरुवार मला आठवत नाही.
म्हणजे दिवस आठवतो, समारंभ नाही.
कुलगुरू चाळीस मिनिटं बोलले म्हणतात.
मी मंडपाच्या मागे होते, गुडघ्यांवर,
माइकच्या बॅटऱ्या शोधत,
समुद्रावरचा वारा कनात माझ्या तोंडावर आपटत होता
आणि पलीकडून टाळ्या येत होत्या.
अकरा वेळा. मी मोजल्या.
दहाव्या आणि अकराव्यात फार अंतर पडलं.
व्यासपीठाला तीन उंच पायऱ्या,
आर्कोर्फुल यांचे गुडघे,
आणि कुणी हात देणारं नाही.
हे कुठल्याच यादीत नव्हतं.
माझ्या यादीत तेव्हा नऊ पानं होती.

जेवताना ते माझ्याकडे आले.
मी माफी मागायच्या आत म्हणाले,
मुली, जोलोफ छान झालाय.
त्यांच्या अंगठ्यावर काळा डाग होता.
शाई ओली राहिली होती.
त्यांनी नावावरून अंगठा फिरवला असणार,
एकदा तरी.
मी भाताकडे बघत बसले.

साडेपाचला मी आणि बाबा ओटू
(बाबा हे इथे बाईचं नाव असतं)
खुर्च्या रचायला लागलो. तीनशे आणल्या होत्या.
तीनशे एक भरल्या.
बाबाने पुन्हा मोजल्या. तीनशे एक.
एकीच्या पायाला निळी दोरी बांधलेली.
आमची नव्हे. मेव्हण्याचीही नव्हे, त्याने शपथ घेतली,
तीही एकोच्या समोर, एकोकडे बघून,
ईस्टरनंतर पहिल्यांदा.

ट्रक गेला. ती खुर्ची गवतावर राहिली.
कुणाची ते उद्या बघू, बाबा म्हणाली.
मी तिच्यावर बसले.
मायलो नव्हता.