तिचा नंबर आधी

स्नानसंस्काराचं मला काय आठवणार?
आई सांगायची, मी किंचाळले,
आणि गंगेवरून आणलेलं पाणी
फादरांनी नेमकं माझ्या डोळ्यात सांडलं.
तेव्हापासून ही पोरगी, ती म्हणायची,
सगळ्यांकडं डोळे वटारूनच बघते.

वैजापूरच्या अंगाला आमची वस्ती.
टँकर येतो गुरुवारी.
चिंचेखाली ड्रमांची रांग,
ड्रमांवर ऑइलपेंटनं नावं.
माझ्यावर सगुणा, आणि माझ्या पुढं कायम
रिबका, माझी जाऊ.

नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
कारण विचाराल तर
सासूची शिलाई मशीन.
आता तिच्यावर कोंबड्या बसतात.

मिस्सेत फादर म्हणायचे,
एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या.
मी डावीकडच्या तिघींना हात जोडायची.
उजवीकडं खांब होता,
खांबामागं रिबका.
देवळाला खांब आहे ते बरंय, वाटायचं.
मग रांगेत जाऊन
जिभेवर ख्रिस्तप्रसाद घ्यायची.
तो विरघळायचा.
मी नाही.

त्या मार्चात मी तिचा ड्रम ढकलला.
मुद्दामच.
उतारावर होता, गडगडत गेला
पार शाळेच्या भिंतीपर्यंत,
आणि त्यावरचं तिचं नाव
वर-खाली, वर-खाली होत राहिलं.
कुणीतरी हसलं.
मीच असेन.

उपवासकाळ होता. पापनिवेदनाला गुडघे टेकले.
आधी किरकोळ सांगून घेतलं,
ड्रमाचं अगदी शेवटी, घाईत,
बस सुटताना सुटे पैसे द्यावेत तसं.
फादर सिल्वेस्टर नवे, वसईकडचे,
त्यांच्या गावी म्हणे विहिरीत वाकून तांब्या बुडतो.
जाळीपलीकडं बराच वेळ आवाज नाही.
झोपले की काय?
"टँकर कोणत्या वारी येतो?"
"गुरुवारी."
"मग सात गुरुवार तिचा नंबर आधी.
आणि भरायचं तुम्ही."
मी म्हटलं, फादर, त्यापेक्षा
पन्नास नमो मरिया द्या.
ते हसले.
बदललं मात्र नाही.

पहिल्या गुरुवारी तिनं अर्धाच भरलेला ड्रम
माझ्या हातातून ओढून नेला.
दुसऱ्या गुरुवारी सगळ्यांसमोर
एक बादली माझ्या पायांवर ओतली.
बायका हळहळल्या, पाण्यासाठी.
माझं तोंड लाल झालं,
पण पाय, खोटं कशाला बोलू,
पाय गार झाले.

चौथा आला तो पवित्र गुरुवार.
संध्याकाळी फादरांनी बारा जणांचे पाय धुतले.
मी मागं बसून मोजत होते
किती तांबे गेले.

मनात प्रेमबिम काही आलं नव्हतं.
हात दुखत होते फक्त.
सात संपले. आठव्याला
टँकरवाल्यानं पाइप माझ्याकडं दिला
आणि मी सवयीनं
तिच्याच ड्रमात सोडला.
नंतर लक्षात आलं.
काढून घ्यावासा वाटला, तोवर भरला होता.

यंदा तिला घाटीतून परत पाठवलं.
काय समजायचं ते वस्ती समजली.
फादर आले, इवल्याशा डबीत तेल घेऊन.
धरायला दुसरं कुणी नव्हतं
म्हणून मी तिचे हात उताणे धरले.
कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले,
माझे वाटावेत असे.
कपाळाला तेल, तळहातांना तेल.
थोडं माझ्या बोटांना लागलं,
ते पुसू का ठेवू, कळेना.

तिला अख्खा ख्रिस्तप्रसाद गिळवेना.
फादरांनी मोडला,
अर्धा तिला, अर्धा मला.
तिचा तुकडा कोरड्या टाळूला चिकटला.
मी चमच्यानं पाणी घातलं,
एक हात हनुवटीखाली धरून,
एक थेंब सांडू न देता.

तिनं डोळे उघडले.
नऊ आणि वर दोन, अकरा वर्षांत
पहिलाच शब्द:
"कुठल्या गुरुवारचं?"

माझा अर्धा तुकडा अजून जिभेवर होता.
बोलता येईना.
मी दुसरा चमचा भरला.