डोंग्यात जागा नाही

पहिल्या अंकात तिला माझी गरज नसायची.
विंगेत पुस्तक धरून बसलेला मी
नुसता ओठांनी सोबत चालायचो,
आणि इंद्रकला सहारे
मंडईतली चार हजार माणसं
पदराच्या टोकाला बांधून फिरवायची.

रात्री दोननंतर मात्र
तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा
आमच्या पडद्याआधी खाली यायचा.
आवाज नाकातून गळायचा.
मरणाच्या प्रवेशात "बाबा"चं "मामा" झालं
आणि मांडव हसला.
मी मोठ्यानं वाक्य पुरवायचो.
वाक्य तिच्याकडे होतंच. जबडा नव्हता.

निर्माता म्हणाला, पिते.
सासू म्हणाली, बाहेरचं आहे.
मी म्हणालो, जागरण.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी
सोडावाल्याकडून बर्फ मागवला,
फडक्यात गुंडाळून दोन मिनिटं पापणीवर धरला.
पापणी उघडली, जरा वेळ.
"आता एका दमात आकडे म्हण."
इंद्रकला अकरावर थांबली.

नागपुरात कळलं ते असं:
निरोप निघतो, स्नायूच्या दारापर्यंत पोचतोही,
पण दाराच्या कड्या
तिच्याच रक्तातल्या पहारेकऱ्यांनी उपटून नेलेल्या.
एक गोळी चार तास पुरायची.
दुसरीनं तोंड सुजलं, साखर चढली.
मशीनवर रक्त धुऊन घेतलं,
महिन्याभरात पुन्हा गढूळ.

मग नव्या औषधाची चाचणी.
अकरा पानांची संमती, पुण्याकडच्या मराठीत.
वाचायचं काम माझं, जन्मभर तेच केलं.
मी ओळ द्यायचो, ती मान हलवायची,
"प्रतिपिंडांचे पुनर्चक्रण" आलं तिथं दोघंही अडलो.

डॉक्टर पोरगा आरमोरीचा निघाला.
"मावशी, वैनगंगेवर डोंगा असते ना?
हे जुने पहारेकरी बुडाले पायजेत.
पन आंगातला डोंगेवाला त्यायले उचलते
अन् परत ह्या काठावर आनून सोडते.
हे औषध आधीच डोंग्यात जाऊन बसते.
जागाच नाई. मंग ते बुडतेत."

"सारेच? चांगलेबी?"

पोरगा थोडा थांबला.
"चांगलेबी बुडतेत, मावशी.
म्हनून ताप आला तं लपवाचा नाई."

पान सातवं: बाटलीत औषध असेल
किंवा नुसतं मिठाचं पाणी.
कोणाला काय, हे रुग्णाला ठाऊक नसेल.
डॉक्टरलाही नसेल.
चाळीस वर्षांत असं नाटक पाहिलं नव्हतं
ज्याची संहिता प्रॉम्प्टरलाही दाखवत नाहीत.
मी तसं म्हणालो. ती हसली,
तेव्हा अर्धंच हसता यायचं.
"द्या मास्तर. सही करतो."

चार गुरुवार, वडशाहून पहाटेची गाडी.
खिडकीशी बसून ती आकडे म्हणायची.
अकरा. अकरा. चौदा.
तिसऱ्या गुरुवारी परतताना
नागभीडच्या फाटकात गाडी अडली,
मालगाडी गेली, फाटक उघडलं,
कंडक्टरनं घंटी दिली
तरी ती सत्तावीसवर होती आणि पुढे चालली होती.

औषध की पाणी, तो लिफाफा अजून बंद आहे.
औषध असेल तर एका बाटलीत
आमच्या अख्ख्या हंगामाच्या सुपाऱ्या बुडतील.
चाचणी संपल्यावर कोण देणार,
ते अकरा पानांत मी दोनदा शोधलं.

काल सिंदेवाहीजवळ, तिसरा अंक.
पहाटेचे चार, दव, शेकोट्या विझत आलेल्या.
"बाबा, मला टाकून जाऊ नका."
बाबाच आलं. दोन्ही ब शाबूत.
पुढच्या वाक्याआधी ती थांबली.
अभिनय होता की दम,
इतक्या जवळून मला कळेना.
माझं बोट ओळीवर.
मी ओठ उघडले,
मिटले,
उघडले.