तीन हवेत

मोंढ्यामागं, पत्र्याच्या दुकानावर आमची खोली.
कंटेनर पडला की इर्शादचा फोन वाजायचा,
"पट्टी निघंनाय, बगा की."
तो एक डोळा मिटूनच लॅपटॉप उघडायचा.

दिवाळीनंतर मी राखणदार लिहिला.
फाइलीत तीन हवेत,
आहेत दोन,
तर एक उठव. कुणाला विचारू नको.
घटना आली की हल,
नाहीतर नुसता कान देऊन बस.

काल जालन्यात रात्रभर लाईट ये-जा करायलती.
फोन वाजला नाही.
सकाळी लॉगमध्ये:
तीन नऊ, पडला.
तीन नऊ, उठवला.

इर्शादनं वाचलं. म्हणाला,
तेव्हा मीबी जागाच होतो.
पाणी पिलो, फोन पाहिला,
परत पाहिला.
माझ्या फाइलीत
झोप कुणी लिहिलीच नाही अजून.